तापाची थाप

माझ्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती हिंदीतच देते. त्या रविवारी मला सकाळी पलंगाच्या काठावर सुन्न बसलेली पाहून ती म्हणाली, "मम्मी, थोड़ा सेल्फ-केअर भी करो." मला तेवढंच निमित्त हवं होतं. मोर्चा, धरणं, सभा, शिबिर, कोणीही बोलावलं की मी निघालेच, आणि बीपीची गोळी पर्समध्ये. कित्येक महिन्यांत एक रविवार माझा म्हणून मिळाला नव्हता.

पण तो रविवार साधा नव्हता. आमच्या घरामागच्या अख्ख्या वस्तीला एकच नळ आहे. अर्ज देऊन देऊन चपला झिजल्यावर नळाचं काम पाहणारा साहेब त्या दुपारी यायला कबूल झाला होता, आणि त्याच्याशी बोलणार होते मी. वस्तीतल्या एका बाईच्या अंगणात आमची सभा भरायची. तिला मी फोन केला आणि बारीक आवाज काढून ताप आल्याचं सांगितलं. थकले, असं म्हणायला जीभ रेटेना. डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बाईला आपण थकल्याचं कोणत्या तोंडानं सांगायचं? ताप कसा, इभ्रतीचा असतो.

दुपारभर झोपले असते तरी चाललं असतं. पण बूढ़ापारा मोहल्ल्यातून नणंदेचा फोन आला, "वहिनी, हळदीकुंकवाले येऊन राहिल्या ना?" आणि मी गेले. काठपदराची साडी नेसले, गजरा माळला, तिच्यासोबत मटाराच्या करंज्या तळल्या, पोट दुखेपर्यंत हसले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

संध्याकाळी नणंदेच्या दारात ती बाई उभी राहिली, सोबत वस्तीतल्या आणखी दोघी. हातात स्टीलचा डबा. त्या आधी माझ्या घरी गेल्या होत्या. सासूबाईंना थाप मारणं जमत नाही. त्यांनी इथला पत्ता दिला.

"सास बोलीं पूजा में गई है," ती म्हणाली. "बुखार में भी पूजा नहीं छोड़ी आपने." डब्यात माझ्यासाठी तांदळाची पातळ पेज होती.

हळदीकुंकू म्हणजे तिला टाळता न येणारी पूजा वाटली होती. मी ते तसंच राहू दिलं. साहेबाचं काय झालं, ते विचारलं.

"आया था. हमने लौटा दिया. बोले, दीदी ठीक हो जाए, फिर आना."

तेवढ्यात नणंद करंडा घेऊन आली. सवाष्णी दारी आल्या म्हणून तिला कोण आनंद. तिघींना बसवलं, हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून एकेक चाळणी दिली. आणि त्यांच्या बोलण्यातला बुखार हा शब्द कानावर पडताच म्हणाली, "कोणाले ताप? वहिनीले? काहून? ते तर दुपारपासून माह्यासंगं करंज्या तळून राहिली."

धरणी दुभंगावी असं वाटलं. त्या बाईनं आधी माझ्या गजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिनं चारचौघींत आवाज चढवला असता तर मी सुटले असते.

ती अगदी हळू म्हणाली, "थकी थीं तो थकी बोल देतीं, दीदी. हममें से कोई बात कर लेती."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. नळावर रोज भांडणाऱ्या बायका साहेबाशीही बोलू शकतात, हे इतक्या महिन्यांत माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्यावाचून अडेल, हीच माझी ऐट होती, आणि तिच्यापायी त्यांनी दारात आलेला माणूस परत पाठवला.

त्यांनी डबा माझ्याजवळ ठेवला आणि पाणी भरायची वेळ झाली म्हणून त्या निघाल्या. साहेब त्यानंतर आलेला नाही.