कडबाकुट्टीचं सील आणि लग्नाची पत्रिका

अंगणात नवी फरशी बसली आणि त्याच आठवड्यात घरातली माझी किंमत उतरली. फरशी मलईच्या रंगाची, बायकोनं स्वतः धाराशिवला जाऊन निवडलेली. तिच्यावर माझी जुनी फटफटी तेल गाळत उभी. इतकी वर्षं ती मातीत गळत होती तेव्हा माती तेल पिऊन गप्प बसायची, कुणाला पत्ता नसायचा. फरशी मात्र चहाडखोर निघाली. सकाळी उठावं तर भाकरीएवढा काळा डाग.

दोनदा सोडा लावून घासल्यावर बायकोनं ब्रश माझ्या पुढ्यात आपटला.

"खंडेनवमीला हितं ठिपका दिसला, तर मी हिची पूजा करनार न्हाय. आन् दिवाळीच्या आत ही भंगारात जाईल. ध्यानात ठिवा."

तिचा शब्द म्हणजे शब्द. आमच्या जुन्या टीव्हीला विचारा, माझ्या आवडत्या खुर्चीला विचारा. दोघंही आज घरात नाहीत.

गाडी माझ्या वडिलांनी घेतलेली. ती बनवणाऱ्या कंपनीला कधीचंच टाळं लागलंय. पण गावात मला नावानं हाक मारणारे थोडे आणि 'फटफटीवाले' म्हणणारे फार. तेरच्या रस्त्यावरून मी येतोय हे मळ्यात बसलेल्या माणसाला मान वर न करता कळतं. ही गाडी गेली तर बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत मीही एक. ते मला सोसवणार नव्हतं. हट्ट म्हणा, पण होता.

गळती चेनच्या बाजूनं होती. तिथं दातेरी चक्राच्या मागं एक रबरी कडं असतं, त्याला ऑइल सील म्हणतात. त्याचं रबर वाळून चिंचोक्यासारखं टणक झालेलं. धाराशिवला एका दुकानात गाडीचं नाव सांगितलं, तर दुकानदार हसला. दुसऱ्यानं, "काका, आता म्युझियमला द्या," असा फुकटचा सल्ला दिला. तिसऱ्यानं पुण्याचा एक फोन नंबर दिला. पुण्याचा गडी लई गोड बोलला. "व्हिंटेज गाडी आहे सर तुमची, पार्ट ओरिजिनल मिळेल," म्हणाला. सर म्हटलं आणि व्हिंटेज म्हटलं, तिथंच मी ओळखलं की खिशाला कात्री लागणार. त्यानं सांगितलेल्या किमतीत आमच्या गोठ्यातली शेळी तिच्या दोन्ही करडांसकट पुन्हा विकत घेता आली असती. मी फोन ठेवला आणि दिवसभर त्या गड्याला शिव्या घालत फिरलो.

राग ओसरल्यावर डोकं चालायला लागलं. मला प्रत्येक ठिकाणी मार बसत होता तो गाडीच्या नावामुळं. नाव घेतलं की कुणी हसतं, कुणी भाव चढवतं. मग नाव घ्यायचंच कशाला?

दुसऱ्या दिवशी जुनं सील उपसून काढलं, रुमालात बांधलं आणि गाडी घरीच ठेवून बसनं ढोकीला गेलो. साखर कारखान्यामुळं तिथं ट्रॅक्टर, मोटारी, पंप सगळ्यांचे सुटे भाग मिळतात. एका दुकानात शिरलो आणि सील काउंटरवर ठेवलं.

"ह्या मापाचं पायजे."

"कशाचं हाय?" दुकानदारानं विचारलं.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "कडबाकुट्टीचं."

का, ते मला आजही सांगता येणार नाही. आमच्याकडं ना कडबाकुट्टी, ना ती घ्यायचा विचार. पण गुरांचा कडबा कापायचं ते यंत्र गरीब, त्याच्या नावावर कुणी भाव वाढवत नाही, एवढं मनात आलं असावं. दुकानदारानं बिस्किटाचा पत्र्याचा डबा ओढला, चार सीलं चाचपली आणि एक माझ्यासमोर टाकलं. मी ते जुन्यावर ठेवलं. बाहेरची कड कडेला लागली, आतलं भोक भोकाला. जाडीवरून बोट फिरवलं, नख कुठं अडलं नाही.

"ह्ये कशाचं?" मीच विचारलं.

"कडबाकुट्टीचंच की! तुमीच म्हनला न्हव का?"

खोटं बोलायला गेलो आणि ते खरं निघालं. किंमत ऐकून तर मला दुकानदाराला मिठी मारावीशी वाटली. चहा आणि एक प्लेट भजी, तेवढ्यात काम झालं. बाहेर येऊन मी खरोखरच भजी खाल्ली.

घरी येऊन सील बसवलं. लाकडाचा ठोकळा ठेवून हलके दोन ठोके दिले आणि ते जागेवर गेलं. फरशी घासून गाडी रात्रभर तिथंच उभी ठेवली आणि सकाळी मिशीला पीळ देत बायकोला बोलावलं. ती आली, खाली वाकली, फरशीकडं बघितलं. डाग होता. भाकरीचा पुरीएवढा झाला होता, पण होता.

"कमी गळतंय," मी म्हणालो.

"कमी गळनं म्हंजी गळनंच," ती म्हणाली आणि आत गेली.

खंडेनवमीला एकच दिवस उरला होता. मी इंजिन रॉकेलनं पुसून कोरडं केलं आणि बायकोच्या कपाटातला पावडरीचा डबा आणून सगळ्या इंजिनावर पावडर फासली. गाडी थोडा वेळ चालू ठेवली. पांढऱ्या पावडरीत एक ओली काळी रेघ उमटली. तेल दुसऱ्या अंगाला, क्लचच्या झाकणाच्या सांध्यातून येत होतं आणि खालून वाहत चेनकडं जात होतं. चोर एक नव्हता, दोन होते. झाकणाखालचं कागदी पॅकिंग कुजून गेलं होतं.

आता पॅकिंगचा कागद कुठून आणायचा? उद्या सण, बाजारात झेंडूच्या ढिगाशिवाय काही दिसेना. घरात जाड कागद शोधताना देवघराच्या वरच्या फळीवरची पिशवी हाताला लागली. लग्नाच्या पत्रिका. प्रत्येकीवर गणपती, त्यामुळं टाकवत नाहीत. प्रत्येकाच्या घरात असते तशी आमचीही पिशवी फुगत गेलेली. चकचकीत पत्रिका मी बाजूला सारल्या, त्यांच्यावर प्लॅस्टिकचा थर असतो. तळाशी एक जुनी, खरखरीत, जाडजूड पत्रिका मिळाली. तीच घेतली.

अंगणात बसून पत्रिका झाकणाच्या कडेवर धरली आणि छोट्या हातोडीनं टकटक ठोकत गेलो. झाकणाची धार कागदाला आपोआप कापत जाते. बोल्टांच्या भोकांवर बेअरिंगमधला लोखंडी छर्रा ठेवून ठोके दिले. अर्धं झालं असेल, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अवो! गनपती कापला का काय!"

"आधी गणपती वेगळा काढलाय," मी म्हणालो. "देवघरात बघ, हळद-कुंकू लावून ठेवलाय."

ती खरोखर आत जाऊन बघून आली. मग पत्रिकेवरची उरलेली अक्षरं वाचली. "ही तर माझ्या मावसभावाची."

"व्हय. ह्याच लग्नात आपली पंगत बसायच्या आधी जेवण संपलं होतं. पत्रिका तरी उपयोगी पडू दे."

ती हसली नाही, पण हसू दाबायला तिनं पदर तोंडाला लावला. एवढ्यानंही माझ्या अंगात बळ आलं. पॅकिंग तेलात भिजवलं, दोन्ही अंगांना ग्रीस लावलं, झाकण बसवलं आणि बोल्ट समोरासमोरचे घेत आवळले.

मग गाडी काढली. तेरच्या पुलापर्यंत दामटली. वाटेत मळ्यातून दोघांनी हात वर केले, मान वर न करता. मी एकटाच मोठ्यानं ओरडत होतो, काय ते आठवत नाही. परत आलो तेव्हा इंजिनावर हात ठेववत नव्हता. फरशीवर वर्तमानपत्र पसरून गाडी त्यावर उभी केली.

सकाळी उठून बघतो तर बायको माझ्या आधी अंगणात. वर्तमानपत्र तिच्या हातात होतं. दोन्ही बाजूंनी उलटून बघितलं तिनं. मग उकिडवी बसून इंजिनाच्या बुडाला बोट लावलं, बोट उजेडात धरलं, पुन्हा लावलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. परीक्षेच्या निकालालाही मला इतकी धाकधूक झाली नव्हती.

ती उठून आत गेली आणि पूजेचं ताट घेऊन आली. गाडीला हळद-कुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला. मग रांगोळीचा डबा घेऊन खाली बसली आणि बरोबर इंजिनाच्या खाली, जिथं इतके दिवस डाग घासला होता तिथं, पांढरं शुभ्र कमळ काढायला लागली.

"अगं, जरा बाजूला काढ," मीच घाबरून म्हणालो.

"का? गळती काय आता?" ती मान वर न करता म्हणाली, आणि कमळाची पुढची पाकळी ओढली.