नातीच्या शाळेचं अर्धं गाऱ्हाणं

आमच्या घरात आजवर जे निवडायचं होतं ते मी निवडलं. विहिरीची जागा मी निवडली, पाणी लागलं. मुलाची बायको मी निवडली, ती घर धरून आहे. घराचे चिरे खाणीवर जाऊन एकेक ठोकून मी निवडले, त्यातला एकही आजवर फुटलेला नाही. शाळा माझी चौथीत सुटली. पण धारगळपासून पेडण्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना माझ्या हातच्या भिंती उभ्या आहेत, आणि गवंडीकाम करणाऱ्या या माणसाला सगळा गाव मेस्त म्हणतो. तेव्हा नातीसाठी शाळा शोधायची वेळ आली तर मी कोणाला विचारायला जाणार होतो?

नात तेव्हा आठ वर्षांची, गावातल्या मराठी शाळेत तिसरीला. शाळेत मुलं उरली होती नऊ आणि बाई एक. पुढच्या जूनला ती शाळा उघडणार नाही हे सगळ्यांना कळलेलं होतं. म्हणजे पोरीला कुठेतरी घालायची होतीच. त्यात एक दिवस त्या बाईंनी माझ्या सुनेला बोलावून घेतलं. म्हणाल्या, हिला तोंडी विचारा, सगळं सांगते. वहीत बघाल तर काही नाही. काल गिरवलेलं अक्षर आज तिला परकं. डॉक्टरला दाखवा.

मुलगा माझा विमानतळावर टॅक्सी चालवतो. त्याने दोन दिवस गाडी बंद ठेवली, बायको-पोरीला आधी म्हापशाला आणि मग तिथून सांगितलं तिथे नेलं. चित्रं दाखवून, ठोकळे लावायला देऊन त्यांनी पोरीला तपासलं, आणि कागदावर नाव लिहून दिलं, डिस्लेक्सिया. ते नाव नीट तोंडात धरायला मला आठ दिवस लागले.

"डोळे तपासले?" मी विचारलं.

"डोळे चांगले आहेत, बाबा. बुद्धीपण चांगली आहे. वाचन तेवढं तिला आपल्यासारखं येत नाही. वेगळ्या रीतीने शिकवावं लागतं," मुलगा म्हणाला.

"वेगळी रीत कसली? हल्ली शाळेत मार मिळत नाही, म्हणून ही थेरं."

सून भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मारून अक्षरं येत असती बाबा, तर तुम्ही प्रोफेसर झाला असता."

माझ्या मास्तराने मला किती झोडपलंय ते गावाला ठाऊक आहे. चुलीकडे बसलेली माझी बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मी ताट पुढे सरकवलं आणि उठलो.

सुनेने शाळा शोधून ठेवली होती. साखळीला. तिथे अशा मुलांसाठी वेगळी खोली आहे आणि शिकवणारी खास बाई आहे, असं तिच्या आईने कळवलं होतं. सुनेचं माहेर साखळीचं. आमच्या गावातून आधी म्हापसा, तिथे बस बदलून साखळी. आठ वर्षांच्या पोरीने रोज हे करायचं कसं? म्हणून तिने सोमवार ते शुक्रवार आजोळी राहायचं, असा बेत मायलेकींनी माझ्या पाठीमागे ठरवलेला.

तो ऐकला आणि माझं डोकं फिरलं. माझी एकुलती नात. माझ्या घराला चार खोल्या आणि पुढेमागे अंगण असताना ती व्याह्याच्या घरी वाढणार? लोक काय म्हणतील, मेस्ताला पोरगी सांभाळता आली नाही? मी सांगून टाकलं, पोरगी म्हापशाच्या इंग्रजी शाळेत जाईल. पिवळी बस फाट्यावर येते, संध्याकाळी चारला परत सोडते. मी ती शाळा बाहेरून बघून आलो होतो. कंपाउंडची भिंत ओळंब्यात होती, कुठे फुगवटा नाही. मला तेवढं पुरलं.

तरी सून गप्प बसेना, तेव्हा मी म्हटलं, देवाला विचारू.

आमच्याकडे अडलेली गोष्ट ग्रामदेवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतो. मग आपण आपली गोष्ट मोठ्याने देवापुढे ठेवायची, ते गाऱ्हाणं. जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. तो कौल. एकदा कौल झाला की घरात कोणी उलट बोलत नाही.

सोमवारी देवळात बरेच लोक होते. गुरव माझ्याच वयाचा, बरोबर गुरं राखलेला. पाकळ्या लावून म्हणाला, "सांग, मेस्ता."

मी म्हटलं, "देवा म्हाराजा, नातीला म्हापशाच्या शाळेत घालतो आहे. तिचं बरं होऊ दे. तुझी राजी असेल तर उजवी दे."

एवढंच म्हटलं. डॉक्टरचा कागद, वेगळी रीत, साखळीची खोली, काही नाही. आजूबाजूला दोघे जण असे होते ज्यांच्या भिंती मी बांधल्यात आणि एक असा होता ज्याच्याशी माझं चाळीस वर्षं बोलणं नाही. त्यांच्यासमोर माझ्या नातीला वाचता येत नाही हे मी कशाला सांगू?

उजवी पडली. मी घरी आलो तो छाती पुढे काढून. सुनेने भांडी घासायला घेतली. कौलापुढे काय बोलणार?

म्हापशाच्या शाळेत आम्ही चौघे गेलो. मोठ्या बाईंच्या खोलीत एसी होता आणि कदेलं इतकी मऊ की माणूस आत बुडतो. मला खुर्ची म्हणजे टेकायला कडक लागते, मी कडेलाच बसलो. बाईंनी पोरीपुढे पुस्तक ठेवलं. मराठीच होतं, चौथीचं. म्हणाल्या, वाच. तिने चित्राकडे बघितलं. चित्रात नदी, होडी, होडीत माणसं. आणि तिने सुरुवात केली. होडीत कोण आहे, कुठे चाललेत, म्हातारीला पाणी बघून भीती वाटते आहे, सगळं घडाघडा. बाईंनी बोट ओळीवर ठेवलं. "चित्र नको. हे वाच."

पोरीने पुस्तकाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. सुनेने तोंड उघडलं. मी तिला डोळ्यांनी दाबलं.

"हुशार आहे, पण आळशी आहे," बाई म्हणाल्या. "घरी लाड होतात वाटतं. आमच्याकडे शिस्त लागेल. घेऊ आम्ही हिला."

प्रवेश मिळाला. मुलगा मोकळा झाला. मी पण झालो, खोटं कशाला सांगू. टॅक्सी कोलवाळच्या पुलावर आली तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला.

"आजो, मी आळशी आहे?"

काजूच्या दिवसांत ही पोर माझ्याआधी उठून टोपली घेऊन दारात उभी असते. अंगणातलं सारवण आजीला एकटीला करू देत नाही. कुठल्या झाडाचे काजू आंबट आणि कुठल्याचे गोड हे तिला एकदा सांगितलं ते पाठ. तिला कोणी आळशी म्हटलं, आणि मी मऊ कदेलावर बसून ते ऐकून घेतलं. मी एका शब्दाने त्या बाईला खरं सांगू शकलो असतो. पोरीला उत्तर द्यायचं सोडून मी पुलाखालच्या नदीकडे बघत राहिलो.

संध्याकाळी मी तडक गुरवाकडे गेलो. तो ओट्यावर बसून पावाचा उंडा चहात बुडवून खात होता.

"तुझा देव खोटा," मी म्हटलं. "उजवी दिलीन, आणि बघ काय झालं ते." सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कोणापुढे सगळं सांगितलं, पोरीच्या वहीपासून कोलवाळच्या पुलापर्यंत.

त्याने उरलेला उंडा तोंडात टाकला, सावकाश गिळला. "ह्या तू देवाक सांगितलंस?"

"नाही."

"मग देवाक कशाक गाळी घालतंस? अर्ध्या गजालीक देव अर्धोच कौल देता."

"देवाला सगळं आधीच ठाऊक नसतं?"

"देवाक असता रे. तुका सांगूक लागता."

मी त्याला चार शिव्या घातल्या. तो हसत राहिला. लहानपणापासून असाच आहे.

पुढच्या सोमवारी मी देवळात गेलो. गर्दी होती, आणि ज्याच्याशी बोलत नाही तोही होता. गुरव पाकळ्या ओल्या करायला लागला. मी म्हटलं, "पाकळ्या नको लावू. विचारायचं काही नाही. सांगायचं आहे."

आणि मोठ्याने सांगितलं. माझ्या नातीला अक्षरं ओळखता येत नाहीत, देवा. डोकं शाबूत आहे, माझ्यापेक्षा चांगलं आहे. डॉक्टरने त्याला डिस्लेक्सिया म्हटलंय. गेल्या वेळी हे मी तुझ्यापासून लपवलं. आता मी तिच्यासाठी नीट शाळा बघायला चाललो आहे. मला आडवं येऊ नको.

देवाला असं कोणी सांगत नाही, हे मला ठाऊक आहे. लोक क्षणभर बावचळले. मग "व्हय म्हाराजा" झालं, आणि सगळ्यात मोठा आवाज त्या न बोलणाऱ्याचा होता. बाहेर चपला घालताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्या बहिणीचं पोर तसंच होतं. आम्ही त्याला ढ म्हणून घरी बसवलं." आणि निघून गेला.

म्हापशाचा प्रवेश मी मुलाला सोडायला लावला. मग सून, नात आणि मी बसने साखळीला गेलो. ती खोली पहिल्या मजल्यावर, साधीच. भिंतीला एका कोपऱ्यात ओल आली होती, ते मी आत शिरल्याशिरल्या बघितलं आणि सांगूनही टाकलं. शिकवणारी बाई म्हणजे पोरगीच, पंचविशीची. म्हणाली, "हो, पावसात आम्ही कपाट पुढे ओढतो."

मी विचारलं, "किती महिन्यांत बरी कराल?"

"बरी नाही करणार, आजोबा. हे दुखणं नाही. वाचायला शिकेल, सावकाश. काही गोष्टी तिला कायम जड जातील. तिथे आपण तोंडी घेऊ. मोठ्या परीक्षेत वेळ जास्त मागता येतो, लिहायला माणूस मागता येतो."

भिंत चार दिवसांत करून देतो म्हणणाऱ्या गवंड्यावर मी कधी भरवसा ठेवला नाही. ही मला पटली. तरी मी म्हटलं, मी दिवसभर इथे बसणार. ती म्हणाली बसा, पण मध्ये बोलायचं नाही. मला आजवर असं कोणी सांगितलं नव्हतं. बसलो, जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, लाकडी कडक कदेलावर. पाच-सहा मुलं आली. ट्रेमध्ये वाळू होती, तीत बोटाने अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज म्हणायचा. चुकलं की हाताने पुसायचं, पुन्हा काढायचं. कोणी हसत नव्हतं. माझ्या नातीने एकच अक्षर बारा-तेरा वेळा काढलं. घरी दुसऱ्या खेपेला वही फेकणारी पोर ती. मी मध्ये बोललो नाही. फार जड गेलं.

दुपारी जिन्यावर मी तिला विचारलं. तोवर आम्ही सगळ्यांनी आपापलं सांगितलं होतं, पोरीला कोणी विचारलंच नव्हतं.

"तुला कुठे जायचंय?"

"हांगा," ती त्या खोलीकडे बोट करून म्हणाली. "हांगा वाच म्हणून उभं करत नाहीत." मग थोडं थांबून, "आजो, शुक्रवारी न्यायला तुम्हीच यायचं. बाबा उशीर करतात."

व्याह्याच्या घरी जेवायला गेलो. व्याही चेष्टेखोर. माशाचं ताट पुढे करत म्हणाला, "बघा हं व्याही, आमच्या साखळीची माती चिकट. एकदा पाय रुतला की पोरगी पेडण्याचं नाव घ्यायची नाही."

"चिकट मातीवर घर टिकत नाही," मी म्हटलं. "मला विचारा." पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. सोमवारी तिला सुनेने पोचवायचं, शुक्रवारी मी आणायचं. म्हापशाला शुक्रवारचा बाजार असतो, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तरी एक शुक्रवार मी चुकवलेला नाही. गावातून तिघे जण आपल्या मुलांची वही दाखवायला माझ्याकडे येऊन गेले. वहीतलं मला काय कळणार? मी सांगतो, डॉक्टरला दाखवा, आणि शाळेत दिवसभर बसून या, बाहेरून भिंत बघून येऊ नका.

ती वाचते. सावकाश, ओळीखाली पट्टी धरून. जोडाक्षर आलं की अजून थबकते. इंग्रजी तर नकोच म्हणते.

गेल्या शुक्रवारी मी शाळेच्या फाटकात उभा होतो. सगळी मुलं बाहेर पडली, ही नाही. मग धावत आली, दप्तराशिवाय.

"आजो, आज मी येत नाही. उद्या नाटकाची तालीम आहे."

"नाटकाची? तुला पाठ कोण करून देतो?"

तिच्या बाई मागून आल्या. म्हणाल्या, "तिला कागद लागतच नाही, आजोबा. एकदा ऐकलं की झालं. स्वतःचंच नाही, सगळ्यांचं पाठ आहे. दुसरा विसरला की ही मागून सांगते."

"आमच्या पेडण्यातले दशावतारी कुठे कागद धरतात?" मी म्हटलं. "रात्र रात्र बोलतात."

"मग या की रविवारी बघायला."

नात एवढ्यात निम्मं मैदान ओलांडून गेलीसुद्धा. तिने वळून हात केला, तोही घाईत. मला राग आला होता. दोन बस बदलून आलेला माणूस, एक घोट पाणी तरी विचारशील? व्याह्याकडे गेलो असतो तर तो मातीवरून बोललाच असता, म्हणून गेलो नाही. सरळ स्टँडवर आलो आणि म्हापशाची बस धरली. जनेलाकडची जागा मिळाली. शेजारी कोणी अनोळखी बाई होती, मांडीवर पिशवी धरून बसलेली. तिला मी उगाच सांगितलं, "नातीला न्यायला आलो होतो. ती येत नाही म्हणाली. नाटकात आहे."