शोभा जर्मनीत, आबा देवपुरात

घरातलं एक माणूस दोन महिने बाहेर गेलं, तर मागे राहिलेले लोक किती किस्से करून ठेवतात याला सुमार नाही. आमची शोभा, माझी बहीण, अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात जर्मनीला गेली. पुण्यात कॉलेजात जर्मन शिकत होती, तिथून तिची एका उन्हाळी भाषावर्गासाठी निवड झाली. शिकली ती. घाबरलो मात्र धुळ्यातले आम्ही सगळे! आज हसतो, पण तेव्हा माझ्याही जिवाचं पाणी पाणी होत होतं.

त्याचं कारण आमचे नाना. नाना म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. शिरपूरकडच्या गावी शेती करायचे आणि घराण्यात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची नात रत्ना तेव्हा बारावीला बसली होती. तिला पुढे शिकायचं होतं, नानांना तिचं लग्न उरकायचं होतं. शोभाचं कळताच ते पहिल्या गाडीने धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या घरी आले.

"पोरगीले इतली दूर धाडीसन तुले झोप कसी येस रे?"

"कोठे येस, नाना!" आबा म्हणाले.

मग नानांनी निकाल दिला. शोभा धड परत आली तर रत्ना कॉलेजात जाईल. काही कमीजास्त झालं तर यंदाच तिचे हात पिवळे. म्हणजे जर्मनीत शोभा ठेचकाळली असती, तरी इकडे रत्नाचं शिक्षण संपलं असतं!

*

शोभाला पोहोचवायला आबा आणि मी मुंबईला विमानतळावर गेलो. दारातल्या शिपायाने आम्हाला अडवलं. आबा खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन तयारच होते.

"साहेब, मी फक्त हिला खिडकीची जागा धरून देतो. लगेच खाली उतरतो."

"काका, तिकिटावर सीट नंबर असतो."

"आमच्या एस.टी.च्या तिकिटावरही असतो," आबा म्हणाले, "आणि त्या नंबरावर कुणीतरी बसलेलं असतं!"

शिपाई हसला, पण त्याने आबांना काही आत सोडलं नाही.  परतीच्या वाटेवर कसाऱ्याच्या घाटात आबा म्हणाले, "खिडकी मिळाली असंल का रे तिला?"

*

आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या भंवरलालशेठच्या कापडदुकानात होता. रविवारी दुपारी शोभाचा फोन यायचा, आणि आम्ही सकाळपासूनच तिथे तागे मोजत बसायचो.

पहिल्या रविवारी आबा ओरडून ओरडून बोलले. मग आईने रिसीव्हर कानाला लावला आणि नुसती मान हलवायला लागली. एकदा होकारार्थी, एकदा नकारार्थी, पुन्हा होकारार्थी.

मी म्हटलं, "अगं आई, मान काय हलवतेस? तिला दिसतंय का? बोल ना!"

आईने रिसीव्हरवर हात ठेवला. "बोलले तर रडू येईल. मग ती तिकडे एकटी रडेल."

भंवरलालशेठ उठून गिऱ्हाईक नसलेल्या बाजूला कापड मोजायला गेले.

*

आईने शोभाला एक नियम घालून दिला होता. गाडीत बसायचं ते बाईमाणसाच्या शेजारी. जन्मभर एस.टी.त पाळलेला नियम शोभाने तिकडेही पाळला.

पहिल्याच दिवशी ती बसमध्ये चढली, तर सगळी बस रिकामी. मागे एक म्हातारी बाई तेवढी बसलेली. शोभा तडक तिच्या शेजारी जाऊन बसली. बाईने तिच्याकडे पाहिलं आणि उठून पुढच्या बाकावर गेली. शोभाला वाटलं, मागे गचके बसत असतील. तीही उठून पुढे गेली! बाई पुन्हा उठली. शोभा पुन्हा तिच्या पाठोपाठ.

शेवटी बाईने पर्स पोटाशी आवळली आणि विचारलं, "तुला काय हवंय?"

भीतीने शोभाचं सगळं जर्मन पळालं. जेवढं उरलं तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही!"

हे शोभाने आम्हाला परत आल्यावर सांगितलं. तेव्हा कळलं असतं, तर आबांनी जर्मनी गाठली असती.

*

एकदा रेडिओवर सांगितलं, जर्मनीत रेल्वेचा अपघात झाला, काही माणसं गेली. गावाचं नाव आबांना धड ऐकू आलं नाही. माझी तर पाचावर धारण बसली. नानांच्या गावातही रेडिओ होता!

आबा सायकल काढून भूगोलाच्या प्राध्यापकांकडे गेले, मी मागे डबलसीट. त्यांनीही बातमी ऐकली होती. त्यांनी नकाशा पसरला, शोभाचं गाव दाखवलं, अपघाताचं गाव दाखवलं.

"मला असं नाही कळत, सर," आबा म्हणाले. "सोनगीरइतकं जवळ आहे का नागपूरइतकं लांब?"

"साधारण नागपूर धरा."

आबा खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "तिथं मेलेले पण कुणाचे तरी असतीलच ना, सर?"

सरांनी नकाशा गुंडाळून ठेवला.

*

शोभा परत आली ती ठणठणीत. रत्नालाही बारावीत चांगले मार्क पडले होते. नाना तिला घेऊन देवपुरात हजर झाले. त्यांनी शोभाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. वेणी होती, कुंकू होतं. भरीत-भाकरीही तिने बोटं चाटत खाल्ली. खोट काही सापडेना. आबांच्या कपाळावरचा घाम मात्र हटत नव्हता, कारण नानांना रुकार द्यायचा नसला की ते नवीन परीक्षा काढायचे.

"शिकनी का नुसती फिरनी?" नाना म्हणाले. "जरमनमा काही बोली दखाड."

शोभा उठून नानांच्या समोर उभी राहिली. त्यांच्या डोळ्यांत बघून ती बोलायला लागली. चांगलं लांबलचक बोलली. मध्ये एकदा तिचा आवाज चढला, एकदा तिने बोटही रोखलं. शेवटी हात जोडले आणि गप्प झाली. आबांनी डोळे मिटून घेतले होते.

"काय बोलनी व?" नानांनी विचारलं.

"ते मी नाही सांगणार, नाना. रत्ना जर्मन शिकून आली की तिलाच विचारा."

 आई स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी थिजली. नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या रत्नाकडे वळले.

"शिकी ले व पोरी, लवकर. मराना पहिले माले समजाले पाहिजे!"