जिजी यायच्या आत भिंत धुवायची होती

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. खिडकीच्या जाळीवर धूळ बसते, ती कधी बसली ते कुणाला सांगता येतं का? आमच्या गल्लीतल्या सहा घरांचं तसंच आहे. दोन माणसं बादली घेऊन उभी राहिली की तिसरा सल्ला द्यायला येतो, आणि चौथा येईपर्यंत काहीतरी होऊन बसतं. गेल्या हिवाळ्यातल्या एका आठवड्यात तर इतकं झालं की माझी बायको सुमन म्हणाली, आता लिहून ठेवा, नाहीतर चहाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसाल. म्हणून लिहितोय.

आधी गल्ली सांगतो. नंदुरबारच्या कडेला आमची वस्ती, आणि मागचं एक शेत सोडलं की मिरचीची पथारी. थंडीत तिथे ओल्या लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात, नजर जाईल तिथपर्यंत. परगावचे पाहुणे फोटो काढतात, आम्ही शिंकतो. वारा सुटला की बारीक लाल धूळ येऊन भिंतींवर, पायऱ्यांवर, गेटावर बसते, आणि पहाटे दव पडलं की तिथेच चिकटते.

मी शाळेत प्रयोगशाळेचा परिचर होतो. मास्तर नव्हे, परिचर. पण तीस वर्षं ॲसिडच्या बाटल्या हाताळल्या, म्हणून गल्लीत मला सर म्हणतात. डाग कसलाही असो, विचारायला माझ्याकडेच येतात. मीही कुणाला अडवत नाही.

*

समोरच्या घरात आप्पा राहतात, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. त्यांची बायको म्हणजे जिजी, अख्ख्या गल्लीची जिजी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनच्या भीतीने बाईने चार वर्षं काढली. शेवटी शेवटी उजेड-अंधार आणि माणसाचा आकार, एवढंच कळायचं. अखेर लेक धुळ्याला घेऊन गेली. एक डोळा झाला, मग दुसरा झाला, आणि एका सोमवारी आप्पांना फोन आला की जिजी रविवारी घरी येतेय, आता तिला सुईत दोरा ओवता येतो.

माणसाला आनंद व्हावा की नाही? आप्पा माझ्या दारात आले ते पांढरेफटक पडून.

झालं होतं असं. जिजीला घर बाहेरून स्वच्छ लागतं. दिसत होतं तोवर ती स्वतः दर आठवड्याला भिंत धुवायची. दिसेनासं झालं तेव्हा ते काम आप्पांकडे आलं. आणि आप्पांचं म्हणणं, ड्रायव्हरने गाडी चालवायची असते, धुणारा माणूस वेगळा असतो! त्यामुळे रोज सकाळी ते पाइप घेऊन मोगऱ्याला पाणी घालायचे. आतून जिजी विचारायची, भिंत धुतली का, आणि हे सांगायचे, चकाचक शे.

“सर, चाळीस वरीसना संसारमा तिले एकच खोटं सांगं,” आप्पा म्हणाले. “पन ते रोज सांगं.”

हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. रंग मारून टाका म्हटलं तर म्हणाले, रंगाचा वास तिला कोपऱ्यावरूनच येईल आणि मग सगळं उकरून काढेल. धुवूनच काढायची, आणि रविवारच्या आत. ती ओरडेल याची त्यांना भीती नव्हती. ती एक शब्द बोलणार नाही आणि यापुढे त्यांनी सांगितलेलं काहीच खरं धरणार नाही, याची होती. तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

*

मी मंगळवारी सकाळी अजून विचार करत होतो. आप्पांना कुठला धीर! त्यांनी बंब पेटवला, पाणी खळखळून उकळलं आणि दोन बादल्या भिंतीवर मारल्या.

चार वर्षांची मिरची आणि वर उकळतं पाणी. काय वाफ उठली म्हणून सांगू! आप्पा खोकत खोकत खालीच बसले. दूधवाला अर्ध्या गल्लीतून मागे फिरला. आमची सुमन तोंडावर पदर धरून मागच्या दाराने शेतात पळाली आणि अर्धा तास आलीच नाही.

शेवटच्या घरात वसावे सिस्टर राहते. मूळची सातपुड्यातल्या काठी गावाकडची, इथे दवाखान्यात नर्स आहे. नाइट करून नुकती कुठे पडली होती बिचारी. मास्क लावून बाहेर आली, भिंत बघितली, आप्पांना बघितलं.

“आप्पा, फोडणी घरात देतात,” ती म्हणाली.

मग तिने त्यांचे डोळे धुऊन दिले आणि बजावलं, डोळ्याला चष्मा, हाताला मोजे, आणि पाणी गार. एवढं सांगून झोपायला गेली.

*

बुधवारी सूत्रं मी हातात घेतली. सुमनने मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला होता, त्यात व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून एक बाई काहीही धुवायची. चायनीजच्या गाडीवाल्याकडून मी व्हिनेगरचा कॅनच आणला. बादलीत ओतलं, वरून सोडा टाकला. असा फेस आला की बादलीतून उतू जाऊन पार अंगणात! गल्ली जमली. पलीकडचे रफिकभाई, गेट-ग्रिल बनवतात ते, त्यांनी तर टाळ्या वाजवल्या. आप्पांच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा जरा तकाकी दिसली.

फेस बसल्यावर आम्ही घासायला घेतलं. दीड तास घासलं. भिंत होती तशीच लाल.

सुमन चहा घेऊन आली. बादलीत डोकावली आणि म्हणाली, “त्या फेसात दोघंही संपलेच ना? मग आता बादलीत राहिलं काय?”

राहिलं होतं खारट पाणी. तीस वर्षं मी हाच प्रयोग मुलांना मांडून दिला आणि वर्गाच्या मागे उभा राहून ऐकला. आंबट आणि खार एकत्र आले की एकमेकांना मारतात, हे सातवीच्या पोरांना पाठ असतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, हे प्रात्यक्षिक होतं.

आप्पांनी विचारलं, “मंग परीक्षा कव्हय शे?”

रविवार सगळ्यांनाच माहीत होता.

*

व्हिनेगर उरलं होतं. वाया कशाला घालवायचं म्हणून मी ते आप्पांच्या पायरीवर ओतलं. पायरी शहाबादी, आणि शहाबादीला आंबट अजिबात चालत नाही. बारीक बुडबुडे आले आणि ताटलीएवढा पांढरा डाग पडला. तो अजून आहे. त्यावर पायपुसणं टाकलंय, आणि ते तिथेच का असतं हे मला कुणी विचारत नाही, चांगली माणसं आहेत.

पायऱ्यांच्या कडेला शेवाळही होतं. त्यासाठी मी आप्पांना सांगितलं, पाण्यात चार थेंब भांड्याचं लिक्विड घाला. आप्पांना घाई. त्यांनी अख्खी बाटली पायऱ्यांवर रिकामी केली, आणि ब्रश आणायला म्हणून वळले ते बसूनच तीन पायऱ्या उतरून थेट गेटापाशी. धावत गेलो, लागलं का म्हणून विचारलं. आप्पा बसल्या जागी कपडे झटकत म्हणाले, “ब्रेकच लागना नही.”

*

गेट गंजलेलं. मी म्हटलं, चिंच आणि मीठ लावून ठेवू. सुमनने पावशेर चिंच भिजत घातलीसुद्धा. पण गेट रफिकभाईंच्या हातचं, ते कसले ऐकतात!

“सर, मैंने गेट बनाया था, अचार नहीं,” असं म्हणून त्यांनी पॉलिश पेपर काढला आणि स्वतः घासायला बसले.

भिजवलेली चिंच राहिली. आप्पांच्या दाराशी पितळी पाटी आहे, काळी ठिक्कर पडलेली. चिंच लावून आप्पांनी ती अशी काही रगडली की सोन्यासारखी चमकायला लागली. पण अक्षरं होती रंगाने लिहिलेली. आप्पांचं नाव, त्यांचं खातं, हुद्दा, सगळं चिंचेबरोबर बादलीत गेलं. पाटीवर एकच शब्द शिल्लक राहिला, निवृत्त.

रफिकभाईंनी चष्मा लावून तो वाचला. “पता तो सही है,” म्हणाले.

*

शुक्रवारचं मात्र हसण्यासारखं नाही. भिंत तशीच, हातात एक दिवस, आप्पांचं डोकं फिरलेलं. त्यांनी ब्लीचिंग पावडर कालवली आणि त्याच बादलीत संडास धुवायचं ॲसिड ओतायला बाटली उघडली. मी दहा पावलांवर होतो आणि माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या! वसावे सिस्टर ड्यूटीला निघाली होती. तिने स्कूटी तशीच आडवी टाकली, आप्पांच्या हातातून बाटली हिसकावली.

“याचा वायू छातीत गेला ना, तर रविवारी जिजी येईल, पण तुम्ही नसाल.”

आप्पा ओट्यावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी मिरची नव्हती. सिस्टर त्यांच्या शेजारी बसली. मग तिनेच सांगितलं, आश्रमशाळेत असताना आम्ही पोरी दर महिन्याला भिंती धुवायचो. धुण्याचा सोडा, साबणाचा थोडा चुरा, गार पाणी आणि मऊ ब्रश. आधी भिंत नुसत्या पाण्याने भिजवायची, मग खालून वर घासत जायचं म्हणजे ओघळ धरत नाहीत, आणि शेवटी वरून खाली धुवायचं. बस, इतकंच. किराणा दुकानातल्या एका पुडीत काम होत होतं, आणि आम्ही चार दिवस रसायनशास्त्र करत होतो.

*

शनिवारी सगळी गल्ली उतरली. सिस्टर शिडीवर, रफिकभाई आणि मी खाली, सुमन पाइपवर. गटारातून दुपारपर्यंत लाल पाणी वाहत होतं. आणि हळूहळू भिंत दिसायला लागली. फिकट निळी! आमच्यापैकी एकालाही आठवत नव्हतं की आप्पांचं घर निळं होतं म्हणून.

हा रंग जिजीनेच निवडला होता, एवढंच आप्पा म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

*

रविवारी अकराच्या सुमाराला रिक्षा आली. आपापल्या दारात सगळ्यांना अचानक कामं निघाली होती. मी पेपर वाचत होतो, सिस्टर तांदूळ निवडत होती, रफिकभाई आपल्याच गेटाला तेल घालत होते. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून मोगऱ्याला पाणी देत उभे, आणि पाणी मोगऱ्याला सोडून सगळीकडे जात होतं.

लेकीचा हात धरून जिजी उतरली. डोळ्यांवर मोठा काळा गॉगल. गेटाशी थांबली, तो जरासा वर केला. लेक ओरडली, उन्हात काढू नको. जिजीने ऐकलं नाही. गेट बघितलं, पायरी बघितली, पाटीवरचा तो एक शब्द वाचला. मग लेकीचा हात सोडून भिंतीपाशी गेली, उजवा तळवा भिंतीवर टेकवला आणि दारापर्यंत तसाच सावकाश नेला. तळवा वळवून बघितला, गालाला लावला.

आप्पांना काही राहवेना. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, “रोजच धोवत व्हतू ना मी.”

जिजीने गॉगल पुन्हा डोळ्यांवर नीट बसवला.

“चांगलं करं,” ती म्हणाली. “मंग चार वरीस मी भिंत धरी धरी घरमा जाऊ, ते मन्हा हातनी आग कसानी व्हये?”