मेश्रामबाई उठल्या

मेश्रामबाई कुणाच्याही घरी गेल्या तरी खुर्चीच्या पुढच्या काठावर बसत. बारसं असो, लग्न असो, कुणी गेल्यावर भेटायला जाणं असो. बोलणं चांगलं रंगात आलं की गुडघ्यावर हात टेकून उठत. मग दारात उभं राहून पुन्हा अर्धा तास गप्पा नाहीत, "या एकदा घरी" नाही. उठल्या की गेल्या. आणि गंमत म्हणजे त्या उठल्या की बाकीच्यांनाही कळायचं, आता पुरे. जबलपूरला आमच्या दोघींच्या घरांच्या मध्ये एकच भिंत होती. मी एकदा विचारलंच, इतकी घाई काहून करता हो? तर म्हणाल्या, "बसाले कोणालेबी येते. उठाले अक्कल लागते."

हे त्या नवऱ्याकडून शिकल्या. म्हणजे, उलटं शिकल्या. मेश्राम फॅक्टरीतून रिटायर झाले तरी रोज डबा घेऊन निघत आणि गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर सुटीचा भोंगा होईपर्यंत बसून राहत. बाई डबा भरून देत. माझ्याजवळ एकदाच म्हणाल्या, "मानूस घरी आला, पन तिथून उठला नाही."

त्यांची नात रुची आर्ट कॉलेजात होती. मराठी समजायची, बोलायची हिंदी. तिनं दोन मित्रांना धरून एक कार्यक्रम बसवायला घेतला. एकाची गिटार, एकाचा ढोलक. गाणं ठरलेलं नाही, सुचेल ते वाजवायचं. आणि रुची कॅमेऱ्याखाली रंग, पाणी, कागद असं काय काय हलवणार, त्याची चित्रं त्याच वेळी मोठ्या पडद्यावर दिसणार. तिचे वडील सुरेश रेल्वेत. त्यांच्या मनात पोरीनं हे सगळं सोडून नोकरीच्या परीक्षेच्या कोचिंगला बसावं. त्यांनी सांगून टाकलं, एकदा येतो, पाहतो. नाही पटलं तर सोमवारपासून कोचिंग.

तालीम आमच्या व्हरांड्यात चाले, कारण मेश्रामांकडे जागा नव्हती आणि मला नाही म्हणता येत नाही. बरं वाजवत होती पोरं. पण त्यांना थांबता येईना. ढोलकवाला गिटारवाल्याकडे पाही, गिटारवाला पडद्याकडे, रुची दोघांकडे. प्रत्येकाला वाटे, दुसरा थांबेल. माझी कणीक भिजली, पोळ्या झाल्या, आमची जेवणं झाली, यांचं चालूच. शेवटी रुची रडकुंडीला येऊन मेश्रामबाईंना म्हणाली, "शुरू तो हो जाता है आजी, ख़तम ही नहीं होता."

मेश्रामबाईंनी विचारलं, गाणं कोणतं आहे? गाणं नाहीच म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग बरं हाये. पाठ नाही करा लागत." आणि घरून रांगोळीचा डबा आणून कॅमेऱ्याखाली बसल्या. जयंतीला समाजभवनाच्या अंगणात धम्मचक्र त्यांच्याच हातचं असे.

कार्यक्रमही त्याच समाजभवनात झाला. सुरेश दाराजवळच्या खुर्चीत, स्कूटरची किल्ली हातात. दिवे बंद झाले आणि पडद्यावर मेश्रामबाईंचा हात आला, दरवाज्याएवढा. नखाजवळची भाजल्याची खूणसुद्धा दिसत होती. चिमटीतून पांढरी धार सुटली, तिच्यामागे गिटार निघाली. बाईंनी ठिपका ठेवला की ढोलकावर थाप पडे. रुची बाजूनं पाण्यात रंग सोडी, तो रांगोळीच्या खालून वाहत असल्यासारखा दिसे. मध्येच बाईंनी चिमूट हवेत तशीच धरून ठेवली. पोरंही अडकली, हात वर करून. लोक हसले. तेव्हा सगळ्यांना कळलं, कोण कुणाच्या मागे चाललंय ते.

चक्राचे आरे भरत आले. आता रंगलं म्हणेपर्यंत बाईंनी दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले आणि उठून चालू लागल्या. पडद्यावर हात नाही. एक आरा राहिलेला.

पोरं रुचीकडे पाहू लागली. ती आजीच्या पाठीकडे. वाटलं, आता ही आजीला हाक मारणार, नाही तर स्वतः तो आरा भरणार. तिनं रंगाची बाटली उचललीसुद्धा. मग खाली ठेवली. ढोलक थांबला, गिटारची एक तार वाजत राहिली, बारीक होत गेली, आणि रुचीनं कॅमेऱ्यावर हळूच तळवा ठेवला.

टाळ्या पडल्या तेव्हा बाई बाहेर नळावर हात धूत होत्या. सुरेश तिथे आले.

"आई, एक आरा राहिला ना."

"राहू दे. तुले तं मधातच जायचं होतं ना?"

सुरेशनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं. म्हणाले, "समजलं तर काही नाही मले. पण उठताच नाही आलं."

बाईंनी पदराला हात पुसले आणि घरी निघून गेल्या. सोमवारी कोचिंगचं नाव निघालं नाही.

मेश्रामबाई पुढच्याच हिवाळ्यात गेल्या. दुपारी पडल्या त्या पडल्याच, कुणाकडून काही करून घेतलं नाही. आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. वंदना झाली, चहा झाला, परत चहा झाला. बोलायचं होतं तेही संपलं. पण उठेना कुणीच. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाही. मी खुर्चीच्या काठावर सरकले आणि तिथेच राहिले, कारण सगळ्यांच्या आधी उठायची सवय आमच्यात एकीलाच होती.

शेवटी घरातलीच रुची उठली. कोरडेच तळवे एकमेकांवर झटकले.

आम्ही चपला शोधू लागलो.