बेर्दुगोची डांबर भरलेली पेटी

माझा बाप निकानोर बेर्दुगो शांतता विकायचा. म्हणजे फार थोर माणूस होता असं सांगायला मी बसलेली नाही, गैरसमज नको. बारांकिया शहरातल्या आमच्या रेबोलो वस्तीत लग्नाला पिको, बारशाला पिको आणि मयतीलाही पिको. माणसाहून उंच, भडक रंगवलेले ते स्पीकर गल्ली हलवून सोडतात. आवाज मोठा करणारे कारागीर आमच्याकडे पैशाला पासरी. पण सगळ्यांचे पिको गाण्याआधी घूं करायचे, दोन गाण्यांच्या मध्येही घूं करायचे. सुई रेकॉर्डवरून उचलते तो आवाज अगदी बारीक असतो. त्यात विजेची घाण मिसळली, की स्पीकर ती घाणच मोठी करून ऐकवतो.

त्यावर पपाने एक पत्र्याची पेटी काढली. घरची वीज एका बाजूने आत जायची आणि निवळून, एकसारखी होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची. ती लावली की आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवा, स्पीकरला कान लावा, काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. लोक विचारायचे, "चालू केलाय का रे?" पपा मिशीत हसायचा.

अशा अकरा पेट्या त्याने बनवल्या, आणि अकराहीमध्ये वितळलेलं डांबर ओतून त्या कायमच्या बंद केल्या. आमच्याकडे गुपितं अशीच जपतात. पिकोवाले रेकॉर्डवरचं नाव खरवडून टाकतात, शेजारच्याला ते गाणं मिळू नये म्हणून. पपा ट्रान्झिस्टरवरचे नंबर पॉलिश पेपरने घासायचा आणि वर डांबर.

मी त्याची एकुलती मुलगी, देल्फिना. बारा वर्षांची असल्यापासून त्याच्या टेबलाशी बसून सोल्डरिंग केलं. पण पेटी जुळवायची वेळ आली की हुकूम सुटायचा.

"जा ग, बर्फ घेऊन ये."

"बर्फ आहे घरात, पपा."

"मग अजून आण. आणि तासाभराने ये."

"मला शिकवलंत तर काय बिघडेल?"

"नवऱ्याला सांगशील."

"नवरा कुठाय मला?"

"होईल तेव्हा सांगशील."

असा माणूस! सहा वर्षांपूर्वी माझी आई, एदिल्मा कांतियो, गेली; आमच्याकडे बायका माहेरचंच आडनाव लावतात. त्यानंतर त्याने एकही पेटी केली नाही. पिकोवाले दारात येऊन विनवायचे, तर "डोळे गेले माझे" म्हणून वाटेला लावायचा. डोळे धडधाकट होते. समोरच्या गल्लीतल्या फळ्यावरची लॉटरीची सोडत घरातून वाचायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरला, "ना." कॉफी हवी का, ना. नको का, तरी ना. आपण चेहरा बघून ओळखायचं.

अशात रविवारी विल्फ्रीदो ओस्पिनो वारला. काळी वावटळ नावाच्या पिकोचा मालक, पपाचं पहिलं गिऱ्हाईक. पिकोवाला गेला की शवपेटी त्याच्याच पिकोसमोर रस्त्यात टेकवतात आणि त्याची आवडती रेकॉर्ड एकदाच लावतात. मग कबरस्तान. विल्फ्रीदोच्या आवडत्या गाण्याची सुरुवात एक म्हातारा करतो, वाद्याशिवाय, अगदी हळू, जणू स्वतःशीच. तेवढ्यासाठी तर त्याने पपाची पेटी घेतली होती.

सोमवारी सकाळी त्याची बायको कार्मेन्सा ती पेटी कडेवर घेऊन आमच्या दारात उभी राहिली. पेटीच्या फटींतून डांबर ओघळून वाळलं होतं.

"जळली ग," ती म्हणाली. "दुकानातली आणून लावली, तर त्या म्हाताऱ्याचा आवाजच येत नाही, नुसतं घुंघूं. उद्या चारला न्यायचंय त्याला. माझ्या माणसाला घुंघूं करत पाठवू नकोस, पोरी."

मी हो म्हणून बसले. मग लक्षात आलं, उघडलेली पेटी मी जन्मात पाहिली नव्हती.

पपाच्या खुर्चीपुढे कागदावर भाग काढून बसले. हा ट्रान्झिस्टर होता का? ना. हा? ना. कपॅसिटर किती मोठा? ना. शेवटी माझं डोकं फिरलं.

"आता तरी सांगा की! कुणापासून लपवताय? कोण राहिलंय चोरायला?"

त्याने मान भिंतीकडे फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माफी काही मागितली नाही. रागच तेवढा होता.

डांबर तापवलं तर सगळं चिकटून बसतं, गार केलं तर तडकतं. मासळीवाल्याकडून पोतंभर बर्फ आणला. शेवटी बर्फच कामाला आला म्हणायचा! दोन तास पेटी त्यात पुरली आणि हातोडीने हलके ठोके देत सोलली.

आत काय होतं? काही नाही! डायोड, दोन मोठे कपॅसिटर, व्होल्टेज एका जागी धरून ठेवणारे दोन ट्रान्झिस्टर, अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच बोल्टवर आवळलेल्या. नंबर घासलेले, पण मीटर लावल्यावर भाग तर लगेच कळले. सुरेख काम होतं, मात्र कोणत्याही पुस्तकात सापडेल असं. जळला होता फक्त ट्रान्सफॉर्मर, एकावर एक तारेच्या दोन गुंडाळ्या असलेला. आमच्या उन्हात डांबराने त्याची सगळी उष्णता आत कोंडली होती. ज्याने गुपित राखलं, त्यानेच पेटीचा घात केला.

जळलेली तार मी फेरा-फेरा उलगडत गेले. बाहेरची गुंडाळी संपली, आतली सुरू व्हायची होती, आणि मध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक पट्टा निघाला. संतांच्या तसबिरींना चौकटी करतात ना, तो पत्रा. त्याची दोन टोकं एकमेकांवर आलेली. मधला तेलकट कागद जळून टोकं चिकटली होती, म्हणून सगळं पेटलं. आणि पट्ट्याला निळा दोरा बांधलेला होता. क्रोशाचा, तीन गाठींचा.

त्या गाठीवर मी बोट धरलं होतं. नऊ वर्षांची असताना, मागच्या खोलीत. आई पंख्यांच्या मोटारी गुंडाळते असं सारी वस्ती समजायची, मीही तेच समजायचे. "दाब नीट," ती म्हणायची. "टोकाला टोक लागू द्यायचं नाही. नवरा-बायकोचं भांडण झालंय असं समज. शेजारी बसवायचं, पण बोलू द्यायचं नाही." विजेतली घाण त्या पट्ट्याशीच अडायची. पंख्याला कशाला लागतो असला पट्टा? इतकी वर्षं मला हा प्रश्नच पडला नव्हता.

पट्टा घेऊन मी पपासमोर उभी राहिले.

"हे आईचं आहे ना?"

तो बघत राहिला. ना म्हणाला नाही.

"शांतता तिची होती. अकरा पेट्या, पपा! एकीवरही तिचं नाव नाही. बाईच्या हातचं कुणी घेणार नाही म्हणून? की तुमची मिशी खाली येईल म्हणून?"

डाव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, ते पुसायलाही त्याचा हात उठला नाही. मी पुसलं. पण मन निवळलं नव्हतं, खोटं का बोलू.

आईचं गुंडाळायचं चक्र काढलं, तेल दिलं. फेरे किती? जळून तुकडे झालेल्या तारेवरून ते कळेना. चक्र फिरवताना आई जपमाळ ओढायची आणि शेजारणी तिला देवभोळी म्हणायच्या. मी रिकामं चक्र फिरवून पाहिलं. तेवढ्यात पपा खुर्चीत चुळबुळला, भिंतीवरच्या खिळ्याकडे डावा हात करायला लागला. आईची जपमाळ. मी काढून दिली. जन्मात चर्चची पायरी न चढलेल्या माणसाने ती मांडीवर घेतली, मला चक्र फिरवायची खूण केली आणि दहा फेरे झाल्यावर अंगठ्याने एक मणी सरकवला.

तेव्हा कळलं. माळेचे पन्नास लहान मणी पुरे झाले की पाचशे फेरे, वर आणखी पाच मणी. ती मोजत होती, आणि हा दारातून बघत होता. एकदा माझा फेरा चुकला, तर "ना!" म्हणून ओरडला. पट्टा घातला, कागद दुहेरी लावला, निळा दोरा आईच्या टोपलीतलाच घेतला. गाठीवर बोट धरायला कुणी नव्हतं. पपाने आपलं डावं बोट पुढे केलं.

मंगळवारी तीन वाजता पेटी लावली. डांबर नाही, नंबर घासलेले नाहीत, झाकणाला हवेसाठी भोकं. पपाची खुर्ची मी काळ्या वावटळीच्या शेजारी ठेवली. घोषणा करणारा आर्मेल माइक घेऊन आला. कारागिराचं नाव आधी पुकारायची आमच्यात रीत आहे.

"बेर्दुगोचा हात म्हणू ना, नेहमीसारखं?"

मी पपाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आर्मेलकडे, आणि स्पष्ट म्हणाला, "ना."

आर्मेल गोंधळला. मी त्याच्या कानात नाव सांगितलं.

आर्मेलने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. रस्ताभर माणसं उभी, आणि स्पीकरमधून काही म्हणजे काही नाही. कार्मेन्सा घाबरून माझा दंड धरून म्हणाली, "बंद पडलं का ग?"

"चालू आहे, काकू," मी म्हटलं.

मग आर्मेल बोलला. "काळी वावटळ आज विल्फ्रीदो ओस्पिनोला निरोप देतेय. वीज, एदिल्मा कांतियोच्या हातची."

शवपेटी समोर आली की आमच्यात पुरुष टोप्या काढतात; ती अजून कोपऱ्यावरून वळायची होती. बाकीच्या पुरुषांच्या टोप्या डोक्यावरच होत्या. माझ्या बापाने डाव्या हाताने आपली टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.