पाटन रोडवरचं शूटिंग

घशातल्या कॅन्सरच्या गाठीमुळे दादाचं स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी आम्हाला विचार करायला थोडे दिवस दिले होते. दादानं त्या दिवसांत विचार केला नाही. दीक्षितपुऱ्यात त्याच्या एका मित्रानं खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. तिथं जाऊन त्यानं आपलं एक गाणं रेकॉर्ड केलं, आणि मग नागपूरला ऑपरेशनसाठी भरती झाला.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मी त्याची धाकटी बहीण. दिवसा सरकारी कचेरीत कारकून आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्राचा गायक. तंबाखूला त्यानं जन्मात हात लावला नव्हता, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा. आमचं शहर हिंदी मुलखातलं, त्यामुळे ऑर्केस्ट्रात तो सगळं हिंदी गायचा. हे एकच गाणं त्यानं मराठीत लिहिलं होतं, आमच्या घरात बोलतात तसल्या मराठीत, आणि ते हसरं होतं. लग्न नवीन असताना कांचघरच्या मोकळ्या मैदानात त्यानं वहिनीला स्कूटर शिकवली होती, त्याचं. ती ओरडून राहिली आहे, सोडू नका. हा मागून पळत सांगून राहिला आहे, धरलंय गं, धरलंय. आणि हात तर केव्हाच सुटलेला.

ऑपरेशननंतर त्याच्या गळ्याला खाली एक भोक राहिलं. श्वास तिथूनच. तोंडातून आवाज येणं संपलं. काही सांगायचं असलं की मोबाइलवर टाइप करून दाखवायचा. नुसत्या ओठांवरून त्याचं बोलणं फक्त वहिनीला कळायचं. रेकॉर्ड केलेलं गाणं त्यानं घरात कधी लावलं नाही, आणि वहिनीनं ते कधी मागितलं नाही.

हिवाळ्यात एक दिवस त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, ‘गाण्याचा व्हिडिओ करायचा. खरमास लागू दे.’

खरमासात, म्हणजे संक्रांतीआधीच्या महिन्यात, लग्नं नसतात, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ काढणारे रिकामे असतात. त्यातला एक दादाला ऑर्केस्ट्रापासून ओळखत होता आणि थोडक्या पैशांत यायला तयार होता.

“काहून दादा? आधी तब्येत तर सुधरू दे,” मी म्हटलं.

त्यानं टाइप केलं, ‘आवाज आहे. तोंड पण आहे. जमेल.’

मग आम्ही ठरवायला बसलो. दादाच्या मनात भेडाघाट होता, संगमरवराच्या कड्यांमधून नाव, वरून ड्रोन. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. शेवटी पाटन रोड ठरला. तिकडे थंडीत दोन्ही बाजूंना मटाराची शेतं हिरवीगार असतात आणि रस्त्याचं कोणी भाडं घेत नाही. गळ्यातलं भोक झाकायला सैलसर सुती मफलर, थंडीमुळे त्यात काही वावगं दिसणार नव्हतं. वहिनीची स्कूटर ऑपरेशनच्या वेळी विकली होती, म्हणून शेजारच्यांची मागितली. तोंडावर उजेड पाडायला फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल. तो मी धरायचा, आणि स्पीकरही मीच लावायचा.

दादा दार लावून, कानात इयरफोन घालून आरशासमोर सराव करायचा. दाराबाहेर ओठ मिटण्या-उघडण्याचा बारीक आवाज तेवढा यायचा. वहिनी त्या वेळी मुद्दाम भांडी काढायची.

शूटिंगच्या दिवशी ऊन चांगलं होतं. कॅमेरावाल्यानं “भैया, रेडी?” विचारलं आणि मी स्पीकर लावला.

इतक्या महिन्यांनी दादाचा आवाज. मोकळा, थोडा नाकातला, ओळीच्या शेवटी हसू दाबल्यासारखा. पहिल्या ओळीवर वहिनीनं स्कूटर पुढे न्यायची होती. ती नेलीच नाही. दोन्ही ब्रेक आवळून बसून राहिली.

“वहिनी, काहून थांबल्या?”

“काही नाही ताई. परत लावा.”

परत लावलं. परत तसंच. नंतरच्या खेपेला तिनं स्कूटर चालवली, पण चेहरा दगडासारखा. कॅमेरावाला अदबीनं म्हणाला, “दीदी, थोड़ा मुस्कुराइए. हैप्पी सॉन्ग है.” तिनं ओठ ताणले. ते बघवत नव्हतं, म्हणून मी थर्माकोल जरा वर धरला.

मग दादाचा क्लोजअप. एकेक अक्षर बरोबर जुळत होतं. कॅमेरावाला स्क्रीनकडे बघत राहिला, मग मला बाजूला घेऊन म्हणाला, “दीदी, लिपसिंक तो परफेक्ट है. पर साँस नहीं दिख रही. नकली लग रहा है.”

गाणारा माणूस ओळ सुरू करायच्या आधी श्वास ओढतो, त्याची छाती भरते. दादाची तशी भरत नव्हती. त्यानं हे ऐकलं होतं. पुढच्या वेळी त्यानं जोर लावून छाती उचलली. नेमका मटाराच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर धूळ उडवत गेला, आणि ती सगळी धूळ मफलरमधून आत गेली. तो खोकायला लागला. त्याचा खोकला तोंडातून नाही, गळ्यातून यायचा, फाटक्या भात्यासारखा. दादा वाकून खोकत होता, आणि स्पीकरवर दादा हसत गात होता. बटण बंद करायचं मला सुचलंच नाही.

तोपर्यंत शेतात शेंगा तोडणाऱ्या बाया बांधावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. एका म्हातारीनं दादाला विचारलं, “भैया, आपने गाया है?”

दादानं हो म्हणून मान हलवली, मग गळ्याकडे बोट केलं.

म्हातारी बाकीच्यांकडे वळून म्हणाली, “बोल नहीं पाते बेचारे. किसी और का गाना है, ये मुँह चला रहे हैं.”

ती कुचकेपणानं बोलली नव्हती. तिला खरंच वाईट वाटलं होतं. मी पुढे झाले आणि म्हटलं, “नहीं अम्मा, गाना इन्हीं का है. आवाज़ भी इन्हीं की है.”

तिनं माझ्याकडे मायेनं बघितलं, समजूत घालावी तसं. “हाँ बेटी, हाँ. इन्हीं की है.”

दादा आला आणि त्यानं माझ्या हातातला स्पीकर बंद केला. मोबाइलवर टाइप करून कॅमेरावाल्याला दाखवलं, ‘मेरा चेहरा नहीं रखना.’ मग शांतपणे उभा राहून त्यानं उरलेलं सगळं करून घेतलं. रिकामा रस्ता, शेतं, वहिनीची पाठ, कॅरियर धरलेला स्वतःचा हात.

व्हिडिओ तयार झाला. नातेवाइकांनी पाहिला. नागपूरच्या एका मावसबहिणीनं खाली लिहिलं, ‘वहिनी छान दिसून राहिल्या. गाणं कोणी गायलं?’ मी उत्तर लिहायला घेतलं, तर दादानं माझा हात धरला. आणखी कोणी काही विचारलं नाही. पाहणारेही घरचेच होते.

उन्हाळ्यात गाठ परत आली. त्या वेळी डॉक्टरांनी विचार करायला दिवस दिले नाहीत, कारण ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गणपती झाले आणि दादा गेला. शेवटी शेवटी त्याचे ओठही नीट हलत नव्हते. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायची आणि म्हणायची, “काय? परत सांगा.”

दिवस झाल्यावर तिनं मला कॅमेरावाल्याकडे पाठवलं. तो क्लोजअप, जो ठेवला नाही, तो तिला हवा होता. चालत्याबोलत्या दादाचं दुसरं काही आमच्याकडे नव्हतं. ऑर्केस्ट्राच्या व्हिडिओंमध्ये सगळे कॅमेरे नवरा-नवरीवरच असायचे.

कॅमेरावाला दुकानात बसला होता. मी सांगितलं तशी त्याची मान खाली गेली. “दीदी, भैया ने ही मना किया था. संक्रांति के बाद शादियाँ शुरू हो गईं, कार्ड खाली करना पड़ा.” त्यानं माझ्यासमोर कॉम्प्युटर उघडून शोधलं, कपाटातली जुनी कार्डंही लावून पाहिली. सगळ्यांत लग्नंच होती.

घरी आले तेव्हा वहिनी मोरीपाशी कपडे पिळत होती.

“मिळालं?”

“नाही वहिनी. पुसलं त्यानं.”

तिनं एक साडी झटकून दोरीवर टाकली. म्हणाली, “जाऊ द्या. त्यात ते खोकून राहिले होते.” मग पुढचा कपडा पिळत, माझ्याकडे न बघता, “गाण्यातला आवाज आहे माझ्याजवळ ताई. पण घरात ते तसे बोलत नव्हते. मला हाक मारायचे तो आवाज कानात येतच नाही आता. तुम्हाला येतो का?”

मी तिथंच ओट्यावर बसले. त्यानं मला हाक मारलेली आठवू लागले. शाळेच्या फाटकापाशी, गच्चीवरून, दवाखान्यात नेण्याच्या सकाळी. प्रत्येक वेळी तो काय म्हणाला ते आठवलं. आवाज आला नाही. वहिनी वाट बघत होती. मी म्हटलं, “नाही.”